एकोणीस कडू झाडं

किनव्याचा दाणा गोड की कडू, हे बघून कळत नाही. चावावा लागतो आणि मग थुंकावा लागतो. यात नाजूकपणाला जागा नाही. वरवट बकालच्या खुर्शीदाबीला हे पहिल्याच दिवशी समजलं, म्हणून कणीस हातात घेण्याआधी कोणत्या बाजूला वळून थुंकायचं हे ती ठरवून ठेवते. कडू दाणा आधी साळसूद वागतो. दोन-चारदा चावला की जिभेच्या मुळाशी रिठा उगाळल्यासारखं होतं, तोंडात फेस येतो आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा साबणाचा लागतो.

किनवा म्हणजे काय, तेही एकदा सांगून टाकलेलं बरं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचं हे धान्य. आपल्या चाकवताच्या भाऊबंदांतलं. दाणा राळ्याएवढा, चपटा. शहरातली माणसं वजन उतरवायला खातात. वरवट बकालात वजन उतरवायची निकड कोणाला नव्हती. इथे ते आलं जमिनीमुळे. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं, की तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. उत्तमरावांचं खालचं वावर तर संक्रांतीच्या सुमाराला मीठ शिंपडल्यासारखं पांढरं होतं. तिथे हरभरा वीतभर वाढून मान टाकतो. किनवा मात्र तिथे उभा राहतो. सगळा नाही, त्यातला एक वाण.

हा वाण आणला उत्तमरावांच्या सुनेनं. सारिका तिचं नाव. माहेर साखरखेर्ड्याचं, शिक्षण शेतकीतलं, त्यातही वाण तयार करण्याच्या शास्त्रातलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूला, तानुबाईंना वाटलं होतं, शिकलेली सून घरात पंखा लावून बसेल. ही तिसऱ्या दिवशी वावरातली माती डब्यात भरून घेऊन आली आणि तिनं ती सासूच्याच चहाच्या गाळणीनं गाळली. गाळणी गेली ती गेलीच. तानुबाई अजून ती गोष्ट सांगतात.

सारिकाजवळ दोन वाण होते. एक हिरव्या खोडाचा, दाणा गोड, पण खारात टाकला की महिनाभरात पिवळा. दुसरा लालसर खोडाचा, खारात पाय रोवून उभा, पण दाणा विषासारखा कडू. तो खायचा तर दहा पाण्यांनी धुवायचा, आणि धुवायला गोडं पाणी आणायचं कुठून? म्हणून तिला हिरव्याचा गोडवा आणि लालचा चिवटपणा एका झाडात हवा होता. त्यासाठी दोघांचं लग्न लावायचं, म्हणजे क्रॉसिंग करायचं. आणि क्रॉसिंगला हात हवा.

हात खुर्शीदाबीचा होता. तीही साखरखेर्ड्याचीच. त्या भागात बियाण्याचे प्लॉट पूर्वीपासून. चौदा वर्षांची असताना ती कपाशीच्या क्रॉसिंगला गेली. दुपारून कळी सोलायची, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, खूण अडकवायची. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर पराग टेकवायचा. ऐकायला सोपं आहे. पण नरातला एक दाणा जरी कळीत राहिला तर कळी स्वतःच स्वतःला फळते आणि पुढच्या वर्षी ते झाड बापाला न विचारता थेट आईवर जातं. अशी झाडं जास्त निघाली की अख्खा प्लॉट नापास. खुर्शीदाबीच्या ओळीतलं झाड कधी आईवर गेलं नाही. लग्न होऊन वरवट बकालला आल्यावर तिनं या भागातल्या पंचवीस-तीस बायकांना हे काम शिकवलं. तिचा नवरा कय्यूम गाद्या-रजया भरतो. पण गावात त्याची ओळख ‘क्रॉसिंगवाल्या खुर्शीदाबीचा नवरा’ अशीच आहे, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

किनव्याचं फूल पाहिलं तेव्हा मात्र ती हसली होती.

“ताई, हे फूल हाये का खसखस? कपाशीची कळी म्हंजे याच्यापुढे टरबूज झालं.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना, चाची,” सारिका म्हणाली आणि तिच्या हातात एक बारीक चिमटा आणि डोक्याला बांधायचं भिंग दिलं.

तो पहिला हिवाळा. आठ दिवस खुर्शीदाबी बांधावर पोतं टाकून बसली. हिरव्या झाडाच्या कणसावरची बहुतेक फुलं खुडून टाकायची, मोजकी ठेवायची, त्यांतले पिवळे नर चिमट्यानं उचलायचे, कागदी पिशवी बांधायची, आणि मग लाल झाडाचं कणीस आणून वरून टिचकी मारायची. प्रत्येक कणसाला नंबराची चिठ्ठी. मार्चमध्ये दाणे हाती आले. थोडेच, मुठीत मावतील एवढे. शेतकरी गटातल्या पुंजाजीला राहवलं नाही. त्यानं त्यातले दोन उचलून तोंडात टाकले.

“गोड! जमलं की व सारिका! झाला न क्रॉस!”

सारिकानं कपाळावर हात मारला. “काका, दोन दाणे खाल्ले तुम्ही. आणि चवीवरून आत्ता काही कळत नाही. दाण्याचं साल असतं ना, ते आईचं असतं. कडूपणा सालातच असतो. आई गोड, म्हणून साल गोड. आतलं बाळ दोघांचं आहे, पण ते अजून बोललेलं नाही.”

“म्हंजे?”

“पहिल्या बाळंतपणात बाळाचं झबलं, दुपटं कुठून येतं? आईच्या माहेराहून. मग दुपटं बघून बाळ बापावर गेलंय की आईवर, हे कळेल का?”

पुंजाजीला दुपटं कळलं, किनवा कळला नाही. खुर्शीदाबीला मात्र दोन्ही कळलं. कामाच्या गोष्टीत तिचं डोकं झटकन चालतं. पुढचं सारिकानं तिला एकटीलाच सांगितलं, दोघी बांधावर भाकरी खात बसल्या असताना. हे दाणे पेरले की जी झाडं येतील, ती सगळी कडू निघतील. कडूपणा जबरदस्त, तो घरात असला की गोडवा तोंड उघडत नाही. पण मरतही नाही, आत दडून बसतो. त्या कडू झाडांचं बी पुन्हा पेरलं, की पुढच्या पिढीत चारांतलं एक झाड गोड निघतं.

“आणि खारात टिकायचं? तेही असंच दडते का?”

“ते एकाचं काम नाही, चाची. कडूपणा म्हणजे घरातला एकच हट्टी म्हातारा. खार सोसणं म्हणजे लग्नाचा स्वयंपाक. कोणी पीठ मळतं, कोणी पाणी आणतं, दहा जणांचे हात लागतात. कोणत्या झाडात किती हात जमले, ते खारात उभं करूनच बघायचं.”

खुर्शीदाबीनं मान हलवली. एक गोष्ट मात्र तिनं सारिकाला सांगितली नाही. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. दोन वर्षं झाली होती. कपाशीच्या कळीला ते चालून गेलं. तिथे बोटं बघतात. किनव्याला बोटं पुरत नाहीत. सहा दिवस डाव्या डोळ्यावर तिनं निभावलं. शेवटचे दोन दिवस डावा डोळाही थकून पाझरू लागला, आणि बावीस-तेवीस नंबरच्या कणसांवर आपण नेमकं काय काढलं आणि काय राहिलं, याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. तरी तिनं पिशव्या बांधल्या आणि चिठ्ठ्या अडकवल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलली. चाळीस वर्षं ज्या हातावर नाव चाललं, तो हात डोळ्यापायी उणा पडला हे आपल्याच तोंडानं सांगणं सोपं नसतं, हे खरं; पण चूक ती चूकच.

दुसऱ्या हिवाळ्यात दाणे वरच्या वावरात, जरा बऱ्या मातीत पेरले. तेवीस झाडं उगवली. सारिकाला सातवा लागला होता. नोव्हेंबर सरता सरता तिची ओटी भरली आणि माहेरची माणसं तिला साखरखेर्ड्याला घेऊन गेली. जाताना ती गाडीच्या खिडकीतून सांगत होती, “चाची, काखा बघा हं, काखा!” तानुबाईंना वाटलं, बाळंतपणातलं काहीतरी असेल.

पान जिथे खोडाला जुळतं त्या खाचेला ती काख म्हणत असे. बाप लाल, त्याच्या काखेत लाल ठिपका. तोही जबरदस्त गुण. बापाचा पराग खरोखर लागला असेल तर पोरात तो ठिपका उतरणारच. झाड वीतभर झालं की दिसतो. महिनाभरानं खुर्शीदाबी एकेका झाडापाशी वाकली. एकवीस नंबरच्या कणसापर्यंतची झाडं सतरा. सतराच्या सतरा लाल. बावीस आणि तेवीस नंबरची मिळून सहा झाडं. त्यांतली दोन लाल. चार हिरवी.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. ती चार उपटून टाकायला हवी होती, नियमच तो. पण उपटली तर तेवीसची एकोणीस का झाली, हे सांगावं लागणार. तिनं उपटली नाहीत. काय सांगावं, ठिपका मागाहून येईल, असं तिनं मनाला सांगितलं. चाळीस वर्षं हे काम केलेल्या बाईनं असल्या आशेवर राहावं याची तिला लाजही वाटली, पण ती उठून घरी गेली.

जानेवारीच्या शेवटी सारिकाला मुलगी झाली. फेब्रुवारी संपत आला आणि कणसं पिकली. उत्तमराव गटाचे अध्यक्ष. सून नाही म्हणून काम अडायला नको, एवढ्याच सरळ विचारानं त्यांनी चव घ्यायला बोलावलं. पुंजाजी, आणखी दोघं-तिघं, तानुबाई, आणि खुर्शीदाबी. चव घ्यायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. ती एकेक दाणा चावत गेली आणि थुंकत गेली. कडू. कडू. कडू. उत्तमरावांचा चेहरा उतरत गेला.

“सारे कडूच निंगून राह्यले. सारिकाची मेहनत पाण्यात गेली म्हना की.”

ओळीच्या शेवटी मात्र गोड लागला. मग आणखी एक. एकूण चार. पुंजाजीनं स्वतः चाखून खात्री केली आणि टाळी वाजवली.

“चार तं भेटले! उत्तमभाऊ, आपल्याले पाह्यजे तरी काय होतं? गोडच न? या चाराचंच बी ठिवा. बाकीचे उद्या कापून उकिरड्यावर टाका. ढोरंही खायचे नाहीत ते.”

“बरोबर हाये,” उत्तमराव म्हणाले. “खुर्शीदाबी, तुमच्या हाताले मानलं. तेवीसात चार म्हंजे कमी नाही.”

सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. त्या चार झाडांपायी तिचं कौतुक! तिच्या तोंडात अजून कडू फेस होता. ती म्हणाली, “उद्याची घाई काऊन करता? सारिकाताईले इचारा.”

“सव्वा महिना व्हायचा हाये अजून. बारा दिवस.” तानुबाईंनी हात उडवला. “विहीणबाई फोन देतच नाही तिले. कानात वारा भरते म्हन्ते. माह्या नातीचं रडणंसुदीक विहीणबाईच्याच फोनावर आयकलं म्या.”

हे खरं होतं. सारिकाच्या आईनं पहिल्या दिवशीच फोन कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचली होती. बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, आणि फोन बंद. बारा दिवस दाणा कणसावर थांबणार नव्हता. पिकला की तो आपला आपण गळतो.

घरी गेल्यावर तिनं कय्यूमला सगळं सांगितलं. डोळ्याचं त्याला ठाऊक होतं. सुईत दोरा ओवायला ती हल्ली त्याच्याकडे देत असे, आणि तो गुपचूप ओवून देत असे. तो एका रजईला टाके घालत होता, हात न थांबवता त्यानं ऐकून घेतलं.

“तो बोल दे ना.”

“काय बोलू? मले दिसत नाही म्हणू? उद्यापासून क्रॉसिंगले कोण बोलावीन मले?”

“नही बुलाएंगे तो नही बुलाएंगे. वो लडकी बच्चा लेके आएगी, और पूछेगी मेरे उन्नीस झाड कहाँ हैं. फिर?”

त्याला एवढंच म्हणायचं होतं. तो पुन्हा टाक्यांकडे वळला. खुर्शीदाबी त्याच्यावर चिडली, कारण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं आणि ते दुसऱ्यानं सांगितलेलं तिला आवडत नाही.

सकाळी ती वावरात पोचली तेव्हा पुंजाजी विळा घेऊन पहिल्या झाडापाशी वाकलाच होता.

“इळा ठिवा खाली, पुंजाजीभाऊ.”

“काऊन व? मुहूर्त काढा लागते का कापाले?”

“हे एकोणीस कापू नोका. कापायचेच असन तं ते चार कापा.”

पुंजाजी उभा राहिला, उत्तमरावांकडे बघून म्हणाला, “भाऊ, खुर्शीदाबीले काल कडू दाणे चढले वाटते.”

उत्तमराव बांधावरून खाली उतरले. “बाई, गोड कापा न् कडू ठिवा म्हन्ता? मंग दोन साल कायच्यासाठी राबलो आपण?”

“ते चार क्रॉस नाहीतच, भाऊ. बापाचा पराग बसलाच नाही त्याइच्यावर. ते निसते मायचे लेकरं हायेत. गोडाची गोडच होईन. पण खालच्या खारात त्याइचं काही चालनार नाही, बापाचं काहीच नाही त्याइच्यात.”

“असं कसं होईन? क्रॉस तं तुमीच केला.”

“म्याच केला.”  तिनं भरभर बोलून टाकलं. “माह्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाये. तीन साल झाले. शेवटचे दोन दिवस मले धड दिसतच नोतं. नर राहून गेले माह्या हातून. अन् डिसेंबरातच समजलं होतं मले. तवाच उपटाले पाह्यजे होते. नाही उपटले. शरमेनं नाही उपटले.”

 पुंजाजीला बोलायचं होतं, पण तानुबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्याचं तोंड मिटलं.

“काखा पाहा,” खुर्शीदाबी म्हणाली. “माह्या बोलण्यावर नोका जाऊ. काखा पाहा.”

उत्तमराव खरोखरच वाकले. पासष्टीचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पान न् पान वर करून त्यांनी काखा तपासल्या. पानं वाळत आली होती तरी ठिपके दिसत होते. लाल, लाल, लाल. गोड निघालेल्या चार झाडांवर ठिपका नव्हता. एकावरही नव्हता. बांधावरच्या मूळ हिरव्या वाणाचं झाड आणून त्यांनी शेजारी धरलं. जुळे भाऊ शोभले असते.

“बरं, हे चार मायवर गेले, मान्य,” ते कंबर धरून उभे राहिले. “पण म्हणून हे कडू कामाचे कसे काय?”

“याइच्या पोटात गोड दडेल हाये. याइचं बी पेरलं की चारातलं एक गोड निंगन. अन् त्यातले काही खालच्या खारात उभे राह्यतीन. सारिकाताईनं सांगतलं मले.”

“न् नाही निंगलं तं?” पुंजाजीला आता राहवेना. “आनखी एक साल हे रिठे पेरायचे? बाई, तुमाले डोळ्यानं दिसत नाही, हे तुमीच सांगतलं. आता पुढच्या सालाचं दिसून राह्यलं का?”

हे बोलणं लागणारं होतं, आणि लागलंही. पण खुर्शीदाबीनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती उत्तमरावांकडे बघत होती.

उत्तमरावांनी खिशातून फोन काढला आणि साखरखेर्ड्याला लावला. विहीणबाईंनी उचलला. नात झोपली आहे, सारिका झोपली आहे, सव्वा महिन्याआधी फोन मिळणार नाही, हे तीन वाक्यांत सांगून वर तुमची तब्येत कशी आहे विचारलं. व्याह्यानं विहिणीशी वाद घालायचा नसतो. उत्तमरावांनी ‘बरी हाये’ म्हणून फोन खिशात टाकला.

“पुंजाजी, तुमचं म्हणनं चूक नाही,” ते म्हणाले. “हे गणित माह्याही डोक्यात शिरून नाही राह्यलं. पण कोणी बाई उगाच आपल्या डोळ्याची बोंब गावभर मारत नाही. बांधा पिशव्या. एका झाडाचं बी दुसऱ्यात गेलं नाही पाह्यजे.”

एकोणीस झाडांच्या एकोणीस पिशव्या झाल्या. प्रत्येकीत चिठ्ठी. नंबर खुर्शीदाबीनं सांगितले, लिहिले तानुबाईंनी, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

राहिली ती चार गोड. त्यांचं काय करायचं? टाकून द्यायला तानुबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी दाणे झोडपले, पाखडले, मूळच्या हिरव्या वाणाचे घरातले थोडे मिसळले आणि लसणाची फोडणी देऊन खिचडी केली. सगळ्यांनी ओट्यावर बसून खाल्ली. पुंजाजीनं दुसऱ्यांदा ताट पुढे केलं.

“खुर्शीदाबी, तुमची चूक बेस हाये बरं चवीले. अशा आनखी दोन-चार चुका करा.”

“तुमच्या ताटाएवढी चूक कराची म्हंजे दुसराही डोळा जा लागन माहा,” ती म्हणाली. त्यावर तो ठसका लागेपर्यंत हसला. सकाळच्या बोलण्याची माफी पुंजाजीनं मागितली नाही. ताट पुढे करणं हीच त्याची माफी, असं तिनं समजून घेतलं. त्याच्याकडून दुसरी मिळणारही नव्हती.

सारिका मुलीला घेऊन परत आली ती सरळ पिशव्यांपाशी. झालेलं सगळं ऐकलं, एकोणीस मोजल्या आणि खुर्शीदाबीला मिठी मारली. मग मिठी सोडून रागावली.

“डिसेंबरात का नाही सांगितलंत, चाची? काकांचा विळा पडला असता म्हणजे? आणि डोळ्याचं? मी स्वतः भिंग लावून आणखी दहा दिवस बसले असते, त्यात काय होतं?”

 खुर्शीदाबीनं सारिकाच्या मुलीला घेतलं आणि बराच वेळ तिचीच चौकशी करत बसली. रागावणं बरोबर होतं. ते तिनं ऐकून घेतलं. एप्रिलमध्ये तानुबाईंनी स्वतः तिला मोतीबिंदूच्या शिबिरात नेलं, कारण कय्यूम रोज ‘उद्या जाऊ’ म्हणत होता. पट्टी सुटल्यावर तिनं आधी आपली बोटं बघितली. एवढ्या सुरकुत्या कधी आल्या, म्हणून डॉक्टरांनाच विचारलं.

तिसऱ्या हिवाळ्यात एकोणीस पिशव्यांचं बी खालच्या वावरात, थेट खारात पेरलं. तीनशेच्या वर झाडं आली. काही उगवून आठ दिवसांत जळाली. काही ठेंगणी राहिली. काही मात्र पांढऱ्या मातीत अशी वाढली, की रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून विचारत. फेब्रुवारीत कणसं भरली. आता एकेक चावायची होती, आणि सारिकानं तीनशे झाडांसाठी पाण्याचे दोन माठ भरून ठेवले होते.

त्या सकाळी खुर्शीदाबी वावरात आधी पोचली, तर उत्तमराव रिकामा डबा बडवत धावत सुटलेले. चिमण्यांचा आणि मुनियांचा थवाच्या थवा किनव्यावर उतरला होता.

“भाऊ! थांबा! वाजवू नोका!”

“अवो, खाऊन राह्यले सारे!”

“खाऊ द्या. थोडंसं खाऊ द्या. पाहा कोनावर बसून राह्यले.”

उत्तमरावांचा हात हवेतच राहिला. पाखरं एका झाडावर बसत, चोच मारत, उडत आणि दोन झाडं सोडून तिसऱ्यावर जात. शेजारचं कणीस भरगच्च असलं तरी त्याला शिवत नव्हती. कुठे चुकून एखादी चिमणी बसली की चोच झटकून लगेच उठे. खुर्शीदाबीनं कमरेची सुतळी काढली, तिचे तुकडे तोडले आणि ज्या झाडावर पाखरं रमली होती, त्या प्रत्येकाच्या खोडाला एकेक बांधत ती ओळीतून निघाली. लांबचं झाडही तिला स्वच्छ दिसत होतं. पाखरं तिच्यापुढून उडत आणि मागे येऊन बसत. उत्तमराव डबा काखोटीला मारून तिच्या मागोमाग सुतळी तोडून देत होते.

सारिका मुलीला कडेवर घेऊन आली तोवर सत्त्याहत्तर झाडांना सुतळी लागली होती. तिनं एकूण झाडं मोजली, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, “चौथा भाग. जवळजवळ बरोबर चौथा भाग.” मग त्या सत्त्याहत्तरांतून खारानं वाकलेली, ठेंगणी, पिवळी वगळत त्या दोघी वावरभर फिरल्या. पांढऱ्या मातीत ताठ उभी आणि पाखरांच्या पसंतीची अशी अकरा उरली.

“झालं मंग आपलं?” बांधावरून पुंजाजीनं विचारलं.

“अजून पाच-सहा वर्षं, काका. या अकरांचं बी पेरायचं, पुन्हा निवडायचं, पुन्हा पेरायचं.”

“पाच-सहा! मी ऱ्हाईन का तवापर्यंत?”

“तुमी ऱ्हायसान,” खुर्शीदाबी म्हणाली. “आता बांधावर उभे राहून नोका पाहू, जाळी आणा. या पाखराइनं निवडून देलं तितलं बस झालं. आणखी घडीभर थांबलो तं अकराइचं बी बी ठिवनार नाहीत ते.”

पुंजाजी जाळी आणायला गेला.